गॅसच्या लाइनसाठी प्रपोर्शनल सोलेनॉइड की मोटरचा कंट्रोल व्हॉल्व्ह?

रबाळे, महापे किंवा वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात नायट्रोजन, आर्गॉन किंवा इंधन वायूचा प्रवाह काटेकोर राखायचा असेल, तर पुरवठादार बहुधा दोन पर्याय पुढे ठेवतो: सिग्नलच्या प्रमाणात कमीजास्त उघडणारा विद्युतचुंबकी व्हॉल्व्ह, म्हणजे प्रपोर्शनल सोलेनॉइड, किंवा मोटरने हळूहळू उघडणारा कंट्रोल व्हॉल्व्ह. दोन्हींना ४ ते २० मिलिअँपिअरचा सिग्नल चालत असल्याने कोटेशनमध्ये ते सारखेच भासतात. वीज गेल्यावर मात्र त्यांची वागणूक उलट असते, आणि निवड तिथूनच सुरू करावी असे माझे मत आहे.

सोलेनॉइडमध्ये कॉइलमधल्या विद्युतप्रवाहाच्या प्रमाणात प्लंजर (आतला सरकता लोखंडी दट्ट्या) स्प्रिंगविरुद्ध उचलला जातो; वीज गेली की स्प्रिंग त्याला पुन्हा सीटवर, म्हणजे छिद्राच्या कडेवर, दाबते आणि ‘नॉर्मली क्लोज्ड’ (वीज नसताना बंद राहणारा) व्हॉल्व्ह तत्क्षणी बंद होतो. वेगात त्याला तोड नाही. मात्र कॉइल तापते, आणि तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढत असल्याने, कॉइल ५० अंशांनी तापल्यास त्याच व्होल्टेजवर विद्युतप्रवाह जवळजवळ सहाव्या हिश्श्याने घटतो. म्हणून व्होल्टेज नव्हे, तर करंट स्थिर राखणारा ड्रायव्हरच घ्यावा. पुष्कळदा त्याची किंमत वेगळी लावलेली असते. शिवाय कॉइलचे बळ मर्यादित असल्याने मोठे छिद्र आणि जास्त दाब एकत्र मिळत नाहीत.

मोटरचा व्हॉल्व्ह मोठ्या लाइनला आणि जास्त दाबाला योग्य असतो. तो सावकाश हलतो, पण आहे त्या स्थितीत वीज न घेता टिकतो. नायट्रोजनचे आवरण तुटू नये अशा टाकीवर हा गुण आहे, तर भट्टीच्या बर्नरवर तोच धोका आहे. वीज गेल्यावर स्प्रिंगने व्हॉल्व्ह बंद करणारा, म्हणजे स्प्रिंग रिटर्नचा, अ‍ॅक्च्युएटर (व्हॉल्व्ह हलवणारी यंत्रणा) मिळतो, तरीही बर्नरच्या लाइनवर स्वतंत्र सेफ्टी शट-ऑफ व्हॉल्व्ह हवाच; प्रवाह कमीजास्त करणाऱ्या व्हॉल्व्हवर, मग तो कोणताही असो, पूर्ण बंदची भिस्त ठेवू नये.

सर्वाधिक घोटाळा आकारात होतो. पाइप एक इंची म्हणून व्हॉल्व्हही एक इंची घेतला, तर तो जेमतेम उघडताच हवा तेवढा गॅस जातो आणि प्रवाह सतत वरखाली होत राहतो. निवड केव्ही मूल्यावरून (व्हॉल्व्हमधून किती प्रवाह जाऊ शकतो हे सांगणाऱ्या आकड्यावरून) करावी, आणि तीही गॅसच्या सूत्राने: नायट्रोजनमध्ये व्हॉल्व्हच्या पुढचा निरपेक्ष दाब (निर्वातापासून मोजलेला) मागच्या, म्हणजे गॅस आत येण्याच्या बाजूच्या, निरपेक्ष दाबाच्या सुमारे ५३ टक्क्यांखाली गेला, की तो आणखी उतरवूनही प्रवाह फारसा वाढत नाही.

ऑक्सिजनसाठी तेल-ग्रीसविरहित साफ केलेला आणि हायड्रोजनसाठी स्फोटक वातावरणास प्रमाणित असलेला नगच मागवावा. उघड्यावर बसवताना केबल ग्लँडचे (केबल आत जाते त्या जोडाचे) तोंड खाली ठेवावे, कारण पावसाळ्यात पाणी आधी कनेक्टरमध्येच शिरते.

प्रयोगशाळेतील किंवा पॅकिंग यंत्रावरील स्वच्छ, कोरड्या, थोड्या प्रवाहासाठी मी सोलेनॉइड घेईन, आणि भट्टीच्या मुख्य लाइनसाठी मोटरचा. दोन्हींपैकी एकही स्वतः प्रवाह मोजत नाही, तेव्हा फ्लो मीटरचा खर्च आधीच धरावा.