खांदा किती ठेवू, तीन इंच की साडेतीन? (डोंबिवलीच्या ब्लाऊजवाल्या ताईंबद्दल)

वयाच्या ६४ व्या वर्षी मी पहिल्यांदा स्लीव्हलेस ब्लाऊज शिवून घेतलं, आणि ते ज्या ताईंनी शिवलं त्यांच्याबद्दल लिहायला बसलेय, त्यामुळे जरा लांबेल, सांभाळून घ्या.

दुकान डोंबिवली पूर्वेला, फडके रोडवरून आत वळलं की एका जुन्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर. दोन मशिनी, एक कटिंगचं टेबल, ट्रायलला पडदा लावलेला एक कोपरा आणि भिंतीला लावलेला उभा आरसा, संपलं दुकान. बाहेर पुतळा नाही की मोठी पाटी नाही. मी कित्येक वर्षं समोरून भाजी घेऊन जात होते आणि माझं लक्षसुद्धा गेलं नव्हतं.

आधी थोडं माझं सांगते नाहीतर मला एवढा आनंद का झाला ते कळणार नाही. मी ३१ वर्षं डोंबिवली ते सीएसटी केलंय, ऑफिस फोर्टात. ज्यांनी सकाळची फास्ट लोकल पकडलीय त्यांना माहितीये की त्या गर्दीत कपडे आवडीने नाही निवडत, गाडीच्या हिशोबाने निवडतात. साडी सिंथेटिक किंवा जॉर्जेट, रात्री धुतली की सकाळी वाळलेली, इस्त्री नको. रंग मळखाऊ. चॉकलेटी, राखाडी, बाटलीचा हिरवा. पदराला दोन पिना, कारण एकदा सुटा पदर कुणाच्या तरी पर्सच्या चेनमध्ये अडकला आणि कुर्ल्याला ती बाई उतरली तेव्हा पदराचा कोपरा तिच्याबरोबर गेला. चांगल्या साड्या कपाटात, लग्नकार्याला एकदा निघायच्या आणि परत डांबरगोळ्यांत. मळखाऊ हा शब्द मी इतक्या वेळा दुकानात उच्चारलाय ना, की मला स्वतःला कुठला रंग आवडतो ते कुणी विचारलं असतं तर पटकन सांगता आलं नसतं.

मग रिटायर झाले, वाटलं आता तरी मनासारखं घालू, तर दुसरा शब्द आडवा आला, 'वयाला शोभेल असं'. ठाण्याच्या एका मोठ्या शोरूममध्ये गेले होते भाचीच्या लग्नाच्या खरेदीला, डाळिंबी रंगाची साडी मागितली, तर तिथल्या मुलीने चार साड्या काढल्या त्या सगळ्या बिस्किटी आणि फिकट मोतिया, म्हणाली आंटी तुमच्या एजला हे सोबर वाटेल. मुलगी वाईट नव्हती, तिला तेच शिकवलेलं असणार. पण मी डाळिंबी मागितली होती आणि मला डाळिंबी बघायलासुद्धा मिळाली नाही. मी बिस्किटी घेऊन आले घरी! पाच हजार रुपये दिले. ती साडी एकदा नेसले, फोटोत मागच्या भिंतीत मिसळून गेलेय.

त्यात २०२० मध्ये आमचे हे गेले. त्यानंतर तर कुणी तोंडावर काही बोलत नाही पण हळदीकुंकवाचं बोलावणं आपोआप बंद होतं, साडी भेट आली तर ती फिकी येते, आणि टिकली जरा मोठी लावली की समोरच्याची नजर क्षणभर तिथे थांबते. मी टिकली कधीच काढली नाही, लग्नाच्या आधीपासून लावत होते मग आता का काढू. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला की आमच्या गावात नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र काढायचं नाही, आणि मग सरकारनेही परिपत्रक काढून बाकी गावांना ते करायला सांगितलं. ती बातमी मी पेपरातून कापून ठेवलीय. एका गावाला ते ठरावात लिहावं लागलं याचं वाईट वाटलं आणि लिहिलं याचा आनंद पण झाला, दोन्ही.

तर आता ताईंकडे येते.

मी गेले होते साधं कामाला, रोजची दोन ब्लाऊजं शिवायची होती. आपण सगळ्याजणी करतो तसं मापाचं ब्लाऊज घेऊन गेले पिशवीत. ताईंनी ते हातात घेतलं, उलटं केलं, आतली शिवण बघितली, दोनदा उसवून सोडलेल्या खुणा बघितल्या आणि म्हणाल्या, "काकू, हे किती वर्षांपूर्वीचं?" मी म्हटलं असेल दहा-बारा. तर म्हणाल्या, "मग हे तेव्हाच्या तुमचं माप आहे. आजच्या तुमचं घेऊया ना."

आणि टेप घेऊन उभ्या राहिल्या. घाई नाही. छाती, कंबर सगळेच घेतात, यांनी दोन्ही खांदे वेगवेगळे मापले. मग मला आरशासमोर उभं करून माझ्या खांद्यावर बोट ठेवून दाखवलं की काकू तुमचा उजवा खांदा डाव्यापेक्षा उतरता आहे, पर्स उजवीकडे लावायचात का? ३१ वर्षं! डबा, छत्री, पाण्याची बाटली, परत येताना भाजी, सगळं त्या उजव्या खांद्यावर. म्हणून माझं ब्लाऊज कायम उजवीकडून घसरायचं आणि मी आतून पिन लावायचे, आणि मला वाटायचं माझ्याच अंगाला कपडा बसत नाही. ताईंनी उजव्या खांद्याची शिवण जरा जास्त उतरती घेतली आणि संपला विषय. पाठीचंही तसंच, वयाने पाठ थोडी वाकलीये, मग पाठीची उंची मानेच्या मणक्यापासून वेगळी मापावी लागते नाहीतर ब्लाऊज मागून वर चढतं आणि पुढे झोळ येतो. एवढी वर्षं कुणी हे मापलंच नव्हतं, सगळे एकच उंची घ्यायचे.

हूक पुढे की मागे विचारलं. मला ५८ व्या वर्षी फ्रोजन शोल्डर झालं होतं, हात मागे जातो पण दुखतो, तेव्हा पुढेच म्हटलं. तर त्यांनी हूक एकाआड एक उलट-सुलट लावलेत, म्हणजे वाकलं तरी सुटत नाहीत, आणि वर पट्टी अशी की हूक दिसतच नाहीत.

ती दोन ब्लाऊजं घेऊन आले, घालून बघितली आणि मी आरशासमोर सरळ उभी राहिले. मुद्दाम नाही, आपोआप. सारखं खांद्याकडे हात जायची सवय होती ती गेली तर माणूस सरळच उभा राहतो.

मग पंधरा दिवसांनी मी कपाटातली इरकल काढली. चिंतामणी रंगाची, लाल टोपपदर, आमच्या यांनी सोलापूरहून आणलेली आणि मी दोनदाच नेसलेली. लोकलमध्ये कुठे नेसणार होते ती. सोबत एक डाळिंबी खण घेतला आणि ताईंकडे गेले. दुकानात आणखी एक कॉलेजची मुलगी होती, तिच्यासमोर बोलायला संकोच वाटत होता, तरी म्हटलं, "ताई, मला याचं स्लीव्हलेस शिवायचंय." आणि मी तयार होते, की आता त्या वर बघतील, किंवा म्हणतील काकू कॅप स्लीव्ह करूया का, किंवा नेटची बाही लावू का. ताईंनी खण टेबलावर पसरला, पन्हा बघितला, खडू उचलला आणि विचारलं,

"खांदा किती ठेवू, तीन इंच की साडेतीन?"

बास एवढंच. मला त्या क्षणी रडू येईल असं वाटलं, खरं सांगते. माझे दंड सैल पडलेत, कातडी लोंबते थोडी, ते त्यांना दिसत होतंच की, मापं त्यांनीच घेतलेली. पण त्यांच्या दृष्टीने प्रश्न खांद्याच्या रुंदीचा होता, आणि माझ्या वयाचा नव्हताच. साडेतीन म्हटलं.

शिवणकामाबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण इथेच बऱ्याच ठिकाणी गडबड होते. खणाचा पन्हा लहान असतो, त्यामुळे काठ कुठे येणार ते आधी ठरवावं लागतं, कापलं की संपलं. ताईंनी काठ गळ्याला न लावता पाठीला खाली आडवा घेतला. अस्तर सुती, आणि ते आधी भिजवून वाळवून मग वापरतात, कारण कोरं अस्तर पहिल्या धुण्यात आटतं आणि वरचं कापड फुगे आल्यासारखं दिसतं. बाजूला आत चांगली दीड इंच माया ठेवलीय, उद्या वजन वाढलं-कमी झालं तरी ब्लाऊज फुकट जाणार नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मुंढा, म्हणजे हात घालायला कापतात तो गोलावा. आपल्याला वाटतं मुंढा खोल कापला की मोकळं वाटेल, पण होतं उलटं, हात वर केला की अख्खं ब्लाऊज वर येतं आणि स्लीव्हलेसमध्ये तर बाजूने आतलं सगळं दिसतं. ताई मुंढा वरच ठेवतात पण त्याला आकार नीट देतात. ट्रायलला मला म्हणाल्या, "काकू, हात वर करा, लोकलची कडी धरल्यासारखा." केला. ब्लाऊज जागचं हललं नाही. मग म्हणाल्या आता वाका, आता पदर मागून पुढे घ्या. हे सगळं करून मगच काढायला दिलं. डाव्या काखेत एक चुणी येत होती ती मला दिसलीपण नव्हती, त्यांनी तिथेच टाचणी लावली.

पुतण्याच्या साखरपुड्याला ते घालून गेले. इरकल, डाळिंबी स्लीव्हलेस, केस पांढरे आहेत ते मागे अंबाड्यात, टिकली मोठी. पायात बूट. हो, साडीवर बूट, गुडघ्यांमुळे चपलेत तीन तास उभं राहवत नाही. उषा उथुप कित्येक वर्षं कांजीवरमवर स्नीकर्स घालून स्टेजवर उभ्या राहतात, केवढी मोठी टिकली, आणि त्यांच्याकडे बघून कुणाला काही खटकत नाही कारण त्यांना स्वतःला खटकत नाही. मी पांढरे साधे घेतले. दारातच जाऊबाई म्हणाल्या, "अगं बाई, या वयात?" मी म्हटलं, "हो वहिनी, आधीच्या वयात गाडी पकडायची होती." त्या काही बोलल्या नाहीत. पण जेवणं झाल्यावर माझ्याजवळ येऊन बसल्या आणि ब्लाऊजच्या पाठीचा काठ हाताने चाचपून बघत विचारलं, "कुणाकडे शिवलंस?" त्या ७१ वर्षांच्या आहेत. आता त्यांचीही दोन ब्लाऊजं ताईंकडे पडलीत, बाहीची, कोपरापर्यंतची, कारण त्यांना तशीच आवडतात. तेही छानच. स्लीव्हलेस घाला असं मी कुणाला सांगत नाहीये, तुम्हाला पूर्ण बाही आवडत असेल तर ताई तीही तेवढ्याच मन लावून शिवतात, कॉलर लावतात, गळा बंद करतात. आपण स्वतः निवडून घालणं आणि न विचारता अंगावर येणं यातला फरक मी सांगतेय.

सुनेने फोटो काढले त्या दिवशी. मी पहिल्यांदा फोटोत मागे न जाता पुढे उभी आहे.

अजून एक गोष्ट लिहायचीच होती, परकराला खिसा. ताई सुती परकर पण शिवून देतात आणि त्याला उजवीकडे आतून चेनचा खिसा लावतात. मोबाईल, थोडे पैसे, घराची किल्ली बसते. मंदिरात किंवा बाजारात जाताना खांद्याला पर्स लागत नाही आणि माझ्या त्या उतरलेल्या खांद्याला आराम. परकराचा घेर पण मोठा ठेवतात, चालताना पायात येत नाही. हा खिसा मला तिसाव्या वर्षी मिळायला हवा होता असं रोज वाटतं.

आता जे आवडलं नाही ते. वेळ पाळत नाहीत. दहा दिवस म्हणाल्या की पंधरा धरा, आणि गणपती-दिवाळीच्या आधी तर महिनाभर आधी टाका, नाहीतर घेतच नाहीत. फोन दुपारी उचलत नाहीत. दुकानाच्या दोन पायऱ्या उंच आहेत आणि धरायला काही नाही, गुडघेदुखीवाल्यांनी कुणालातरी बरोबर न्या, मी ताईंना सांगितलंय की एक दांडा बसवून घ्या, बघू. ट्रायलचा कोपरा अगदी लहान, पंखा लागत नाही तिथे, मे महिन्यात घामाने ब्लाऊज अंगात जात नाही. आणि एका ब्लाऊजचा गळा मी सांगितला त्यापेक्षा अर्धा इंच खोल आला होता, परत करून दिला पण आठवडा गेला.

शिलाई माझ्याकडून अस्तराच्या साध्या ब्लाऊजचे ५५० घेतले, खणाच्या स्लीव्हलेसचे ७००, परकर कापडासकट ४५०. कोपऱ्यावरच्या टेलरकडे यापेक्षा स्वस्तात होतं, मी वर्षानुवर्षं तिथेच शिवत होते. पण तिथली चार ब्लाऊजं पिना लावून घालायची आणि इथलं एक न लावता, माझा हिशोब सरळ आहे.

जाताना मापाचं ब्लाऊज नेऊ नका. आतले कपडे रोज घालता तेच घालून जा, माप त्यावरच ठरतं. साडी बरोबर न्या, ताईंना काठाचा रंग दिवसाच्या उजेडात बघायचा असतो, त्यासाठी त्या साडी घेऊन रस्त्यावर येतात. सोमवारी बंद असतं. शनिवारी सकाळी गर्दी कमी, या शनिवारी अकराला मी तिथेच आहे, मोरपंखी खणाची ट्रायल आहे, यावेळी खांदा तीन इंच सांगितलाय.