दादरचं भाड्याचं जॅकेट, सांता फेची थंडी

लेकीकडे अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात, सांता फेला जानेवारीत जायचं म्हणून दादर स्टेशनजवळच्या एका दुकानातून जॅकेट, थर्मल, बूट भाड्याने घेतले. जॅकेट एक नंबर! न्यू मेक्सिकोचं वाळवंट म्हणजे उकाडा असं समजू नका. गाव सुमारे ७,००० फुटांवर, रात्री पारा शून्याखाली. चेन मात्र मध्येच अडायची, मेणबत्ती घासली तेव्हा सरकली. बुटांचे तळवे झिजलेले, बर्फावर सटकत होते.

दुकानदार म्हणाला होता, "मावशी, शेकोटीपासून लांब बसा, ठिणगीने भोक पडेल." बरोबरच होतं त्याचं. तिथली हवा भलती कोरडी, वारा सुटला की सगळे धास्तावतात. लेक तर चुलीतली राखही झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवते. २०२२ च्या जानेवारीत वनखात्याने तिथल्या डोंगरात लाकडांचे ढीग जाळले. धग बर्फाखाली टिकली, एप्रिलमध्ये वाऱ्याने भडकली आणि शेजारच्या वणव्याला मिळून ३,४१,००० एकरांहून जास्त रान गेलं. बर्फाखाली विस्तव, बोला आता!

अनामत लगेच परत मिळाली. जॅकेट बिनधास्त घ्या, बूट स्वतःचे न्या.