तिहुआनात चांदी घेणार असाल तर

सॅन डिएगोतल्या आपल्या लोकांची सुट्टीची एक ठरलेली फेरी म्हणजे सीमेपलीकडचं तिहुआना. अमेरिकेचा चालू व्हिसा असला की मेक्सिकोचा वेगळा लागत नाही. सॅन इसिद्रोहून चालत पलीकडे गेलं की अवेनिदा रेव्होलुसिऑनचा बाजार काही लांब नाही. जरूर जा, पण चांदी घ्यायच्या आधी माझं ऐका.

भाच्याच्या बारशाला करदोटा म्हणून तिथली एक साखळी मला आवडली. भाव सांगितला 160 डॉलर. मी उठले, तसा म्हातारा दुकानदार रस्त्याकडे बघत बोलायला लागला. 2001 च्या हल्ल्यानंतर परतीच्या तपासणीला तासन्‌तास लागू लागले, माणसं यायची कमी झाली. 2008 मध्ये अमली पदार्थांच्या टोळ्या भररस्त्यात एकमेकांवर गोळ्या झाडत होत्या. मग स्वाइन फ्लू. 2018 साली तर शहरात 2,500 हून जास्त खून झाले. आजूबाजूची दुकानं बसली. संध्याकाळचे चार वाजलेत, म्हणाला, आणि अजून भवानी झालेली नाही.

यातलं काहीच खोटं नव्हतं. मी फसले ती तिथंच. त्याने 925 चा, म्हणजे साडेब्याण्णव टक्के चांदीचा, शिक्का दाखवला, लोहचुंबक लावून दाखवला, तो चिकटला नाही. 90 डॉलर मोजले.

पुढे चांदीकामासाठी नावाजलेल्या हुपरीच्या कारागिराने साखळीची एक कडी कानशीने घासून त्यावर आम्लाचा थेंब टाकला. थेंब हिरवागार झाला. "ताई, वरचं पाणी सोडलं तर यात चांदी गुंजभरही नाही. जर्मन सिल्व्हर आहे. लेकराच्या अंगाला लावू नका."

म्हणजे तांबं, जस्त आणि निकेल. निकेलने कातडीवर पुरळ उठू शकतं. चुंबक यालाही चिकटत नाही, आणि शिक्का काय, कुणीही मारतो. तेव्हा समोर वजन करायला लावा, ग्रॅमचा भाव विचारा, पावतीवर '925 चांदी' लिहून मागा. काचकूच केली की उठा, त्याची कहाणी कितीही खरी असली तरी.

या धातूला तिकडे अल्पाका म्हणतात. त्याच दुकानाला लागून एक बाई तशाच साखळ्या 'अल्पाका' अशी पाटी लावून आठ डॉलरला विकत होती. तिच्यापुढे एकही गिऱ्हाईक नव्हतं. मीही थांबले नव्हते.