तीन बाणांसकट की साधा कोड?

राजारामपुरीतल्या आमच्या छोट्या ऑफिसात पायथन या प्रोग्रामिंग भाषेतल्या एका लायब्ररीचं (तयार कोडच्या संचाचं) डॉक्युमेंटेशन लिहिताना यावरच वाद रंगला: उदाहरणात ‘>>>’ हे पायथनच्या शेलमध्ये टाइप करायच्या ओळीआधी दिसणारं तीन बाणांचं चिन्ह ठेवायचं की नाही?

ठेवलं, तर टाइप केलेली ओळ कोणती आणि आलेलं उत्तर कोणतं, हे लगेच दिसतं. शिवाय २००१ च्या पायथन २.१ पासून सोबत येणारं डॉकटेस्ट हे साधन तीच उदाहरणं चालवून तपासतं. उदाहरण जुनं झालं की बोंब ठोकतं. पण नवखा पोरगा ते जसंच्या तसं फाइलमध्ये चिकटवतो आणि सिंटॅक्स एरर, म्हणजे कोडच्या व्याकरणाची चूक!

साधा कोड उचलला की चालतो. उत्तर खाली कॉमेंटमध्ये, म्हणजे पायथन न चालवणाऱ्या टिपेत, मिसळीचा कट वेगळ्या वाटीत द्यावा तसं. मात्र ती कॉमेंट कोणी तपासत नाही.

मोठ्या फंक्शनला मी साधाच घेतो, कारण शेलमध्ये पुढच्या ओळींआधी येणाऱ्या ‘...’च्या रांगा वाचायला नकोशा होतात. दोन ओळींच्या उदाहरणाला बाणच.