संप की जनसुनवाई?

सरकारी आरोग्यसेवेतलं गाऱ्हाणं मांडायला यातलं काय बरं? मोबदल्याचा प्रश्न असेल तर मी संपाच्या बाजूने. 2024 च्या सुरुवातीला आशाताईंनी (गावोगावच्या आरोग्य स्वयंसेविकांनी) काम थांबवलं, आझाद मैदानावर ठाण मांडलं आणि मार्चमध्ये महिन्याला 5,000 रुपयांची वाढ पदरात पाडून घेतली. (आश्वासन 7,000 चं होतं, ते सोडा.) संपाची झळ मात्र गावातल्या गरोदर बाईलाही लागते.

औषधांच्या तक्रारीला जनसुनवाई बरी. राज्यात 2007 पासून लोकाधारित देखरेखीतून, म्हणजे गावकऱ्यांनीच सरकारी आरोग्यसेवेवर लक्ष ठेवण्यातून, ती रुजली. बाहेरून गोळ्या आणायला लावल्या, पैसे मागितले, डॉक्टर जागेवर नव्हते, हे गावकरी अधिकाऱ्यांच्या तोंडावर, माईकवरून सांगतात. काही गोष्टी तिथल्या तिथे सुटतात. रिक्त पदांचं घोडं मात्र अडतंच, कारण भरतीची फाईल मंत्रालयात.