घरगुती पार्सल की नवं हॉटेल? आधी पदार्थ ठरवा

रविवारचं जेवण बाहेरचं हे ठरलं की पुढचा प्रश्न येतो. व्हॉट्सअ‍ॅपवर मेन्यू टाकणाऱ्या होम शेफकडून मागवायचं, की कोपऱ्यावर नव्यानं उघडलेल्या हॉटेलात जायचं? बहुतेक घरांत याचा निकाल बजेटवर किंवा कंटाळ्यावर लागतो, आणि तिथेच जेवण फसतं. आमच्या मते हा निर्णय पदार्थावर सोडावा. चुलीवरून उतरल्यावर तोंडात पडेपर्यंत मध्ये जो पाऊण तास जातो, त्यात तो पदार्थ मुरतो की मरतो, एवढं आधी बघायचं.

मुरणारे आणि मरणारे

मटणाचं सुकं, सुरमईचं कालवण, वालाचं बिरडं, सोड्याची (सुक्या कोळंबीची) खिचडी, दम बिर्याणी हे पदार्थ डब्यात तासभर राहिले तरी बिघडत नाहीत. मटण तर दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागतं. हा प्रांत घरगुती पार्सलचा. त्यातही बिरडं घ्या. कडवे वाल रात्रभर भिजवायचे, कापडात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलायचा. दोन दिवसांची ही मेहनत हॉटेलच्या हिशोबात बसत नाही, म्हणून ते मेन्यूवर क्वचितच दिसतं आणि दिसलं तरी बरेचदा सोललेले, गोठवलेले वाल असतात. सीकेपी, पाठारे प्रभू, सारस्वत, खानदेशी असं ठरावीक घराण्याचं जेवण हवं असेल तर होम शेफला पर्याय नाही.

उलट बाजूला बोंबील. या माशात पाणी इतकं असतं की तो तळण्याआधी वजनाखाली दाबून ठेवावा लागतो. एवढं करूनही कढईतून काढल्यावर पाच-दहा मिनिटांत तो मऊ पडायला लागतो. बंद डब्यात गेला तर आतली वाफ झाकणाला लागून पाणी होते, ते परत त्याच्यावरच पडतं, आणि कुरकुरीत रव्याच्या जागी ओली साल हाताला लागते. कोथिंबीर वडी, कोळंबी फ्राय, डोसा, तंदुरी रोटी, पातळ पिझ्झा यांची गत तीच. तंदूरची आच घरच्या गॅसवर मिळतच नाही. हे सगळं हॉटेलात, टेबलावर, ताटात पडताक्षणी खायचं.

भाकरीचा मुद्दा वेगळा सांगायला हवा, कारण तिथे दोन्हीकडचे लोक फसतात. तव्यावरची गरम भाकरी हॉटेलात छान मिळते. पार्सलमधली अर्ध्या तासात चिवट होते. घरगुती कालवण मागवलं तर भात आणि भाकरी घरी करा, किंवा जवळच्या पोळीभाजी केंद्रातून घडीच्या पोळ्या आणा. चौघांना दोन वाट्या तांदूळ पुरतो.

पैशांचा हिशोब

चौघांच्या माशाच्या जेवणाचं उदाहरण घेऊ. आकडे शहराप्रमाणे बदलतील, पण हिशोबाची रीत हीच ठेवा.

होम शेफकडून: लिटरभर कालवण, आत सुरमईचे चार तुकडे, 700 रुपये, अर्धा किलो कोळंबीचं सुकं 450, सोलकढी 200. झाले 1350. डिलिव्हरीसह साधारण 1500. भात-भाकरी घरची.

हॉटेलात: 550 च्या चार थाळ्या म्हणजे 2200, एक प्लेट बोंबील 380. झाले 2580, त्यावर 5 टक्के जीएसटी 129, म्हणजे 2709. रिक्षा किंवा पार्किंग वेगळं.

म्हणजे फरक साधारण बाराशेचा. पण हॉटेलच्या किमतीत साधारण तिसरा हिस्साच कच्च्या मालाचा असतो. बाकी भाडं, पगार, वीज आणि तुमची भांडी घासली जाण्याचे. घरी भांडी तुम्हीच घासता, हेही धरा. दोघांसाठी मागवायचं असेल तर गणित जवळजवळ बरोबरीत येतं, कारण बऱ्याच होम शेफची किमान ऑर्डर ठरलेली असते आणि डिलिव्हरी दोघांची काय नि सहांची काय, सारखीच. सहा-आठ जण असतील तर घरगुती पार्सल स्पष्टपणे स्वस्त.

हॉटेलच्या बिलात ‘सर्व्हिस चार्ज’ आपोआप लावलेला दिसला तर तो काढायला सांगता येतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै 2022 च्या मार्गदर्शक सूचना तेच सांगतात, आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या उचलून धरल्या. वाद घालू नका. ‘हा काढून बिल द्या’ एवढं शांतपणे म्हणा. तीच रक्कम वाढणाऱ्याच्या हातात टिप म्हणून देणं कितीतरी चांगलं.

होम शेफला काय विचारायचं

इथे बहुतेक घोळ मापाचे होतात. ‘एक किलो बिर्याणी’ म्हणजे काय? काही जण एक किलो तांदळाची बिर्याणी देतात, ती आठ-दहा जणांना होते. काही जण शिजलेल्या बिर्याणीचं वजन किलोत सांगतात, ती तिघांत संपते. भाव ऐकून स्वस्त-महाग ठरवण्याआधी हे विचाराच. तसंच कालवणाचं. 500 मिलीचा डबा दोघांचा धरतात, पण त्यात तुकडे किती आणि कुठल्या माशाचे, हे नक्की करा. मटणात हाडांसकट वजन सांगितलंय का, तेही.

ऑर्डरची पद्धत साधारण अशी असते: मेन्यू बुधवारच्या आसपास येतो, ऑर्डर शुक्रवारी संध्याकाळी बंद होते, अर्धे किंवा पूर्ण पैसे आगाऊ, आणि रविवारी दुपारी साडेबारा ते दोन या वेळात पार्सल. घरच्या तीन-चार शेगड्यांवर ठरावीक डबेच निघू शकतात, म्हणून शनिवारी रात्री ‘काकू, अजून दोन वाढवा ना’ म्हणू नका. वाढवले तर रस्सा पातळ होतो. आणि जी काकू असं सांगितल्यावर सरळ नाही म्हणते, तिचा नंबर जपून ठेवा.

उकडीचे मोदक हवे असतील तर गणेश चतुर्थीच्या ऑर्डरी बऱ्याच आधी भरतात. अंगारकीलाही घाई असते. मोदक त्याच दिवशी खायचे. परत गरम करताना मायक्रोवेव्ह नको, पारी चामड होते. ओल्या फडक्यावर ठेवून पाच मिनिटं वाफ द्या.

नोंदणीही विचारा. घरून अन्न विकणाऱ्यालाही एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागते आणि तिचा 14 अंकी क्रमांक असतो. हॉटेलच्या बिलावरही तो छापलेला असतो. विचारल्यावर लगेच क्रमांक देणारी व्यक्ती बाकीच्या बाबतीतही नीटनेटकी असते, असा सर्वसाधारण अनुभव आहे.

आणि अ‍ॅलर्जी. इथे होम शेफ वरचढ. भाजीत दाण्याचं कूट आहे का, कालवणात काजू घातलाय का, याचं उत्तर स्वतः रांधणारीकडून मिळतं. हॉटेलात पांढऱ्या ग्रेव्हीत काजू आणि मगज (खरबुजाच्या बियांचा गर) असतोच, पण वाढणाऱ्याला ते ठाऊक असेलच असं नाही.

पार्सल हातात आल्यावर

शिजलेलं अन्न 5 ते 60 अंश सेल्सिअसच्या मध्ये जितका वेळ राहील तितके जंतू वाढतात. दोन तासांच्या आत खायचं नसेल तर लगेच फ्रीजमध्ये. सर्वांत जास्त काळजी भाताची. त्यातल्या बॅसिलस सिरियस या जंतूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात बाहेर राहिला की ते वाढून विष तयार करतात, आणि नंतर कितीही गरम केलं तरी ते विष जात नाही. दुपारची बिर्याणी संध्याकाळपर्यंत ओट्यावर ठेवण्यात धोका आहे तो हा.

कालवण डब्यातून पसरट पातेल्यात काढा, मंद आचेवर एक उकळी येऊ द्या. डाव घालू नका, तुकडे मोडतात; पातेलं धरून हलवा. खळाखळा उकळलं तर नारळाचं दूध फुटतं आणि वर तेल-पाणी वेगळं दिसतं. कोकमं आत असतील तर काढून टाका, नाहीतर रात्रीपर्यंत नुसता आंबट रस्सा उरतो. सोलकढी गरम करायचीच नाही. ती आल्याबरोबर फ्रीजमध्ये ठेवा आणि त्याच दिवशी संपवा. कच्चं नारळाचं दूध लवकर आंबतं. बिर्याणीवर पाण्याचा हबका मारा, घट्ट झाकण लावा आणि खाली जाड तवा ठेवून मंद आचेवर पंधरा मिनिटं ठेवा. डबा प्लास्टिकचा असेल आणि मायक्रोवेव्हमध्येच घालायचा असेल तर तळाशी त्रिकोणात 5 आकडा आहे का बघा. 6 असेल तर काचेच्या भांड्यात काढा.

सांडलवंडीचं आधीच ठरवून ठेवा. दुचाकीवरून आलेला रस्सा आडवा झाला तर नुकसान कुणाचं? बहुतेक होम शेफ डिलिव्हरीवाला ग्राहकानंच बोलवावा असं म्हणतात, म्हणजे जोखीम तुमची. अंतर पाचेक किलोमीटरच्या आत असेल तर स्वतः जाऊन आणा, स्टीलचे डबे घेऊन गेलात तर आणखी बरं.

नव्या हॉटेलात पहिल्यांदा जाताना

नवीन हॉटेलचा पहिला महिना-दीड महिना डळमळीत असतो. आचारी आणि वाढणारे एकमेकांना सरावलेले नसतात, किती माल लागेल याचा अंदाज नसतो, एक टेबल वीस मिनिटांत उरकतं तर शेजारचं तासभर ताटकळतं. म्हणून पहिल्या भेटीत कुणाचा वाढदिवस ठेवू नका. आठवड्यातल्या मधल्या दिवशी, दुपारी किंवा साडेसातच्या आत, दोघं-तिघं जा.

माशाच्या हॉटेलसाठी बुधवार किंवा शुक्रवार धरा. आपल्याकडे सामिष खाणारे बुधवार-शुक्रवार-रविवार खातात, म्हणून त्या दिवशी माल खपतो आणि ताजा येतो. रविवारी तो ताजा असतो, पण स्वयंपाकघरावर ताण असतो. सोमवारी तर रविवारचा उरलेला मिळण्याची शक्यता जास्त. बसल्यावर कार्डाआधी विचारा, ‘आज काय आलंय?’ दोन-तीन माशांची नावं घेऊन बाकी नाही म्हणून सांगितलं तर ती चांगली खूण. सगळंच आहे म्हटलं तर बरंचसं फ्रीजरमधलं.

मेन्यूची लांबी बघा. लहान स्वयंपाकघर आणि दीडशे पदार्थ, यात चायनीज, पंजाबी, मालवणी सगळं, म्हणजे दोन-तीन तयार ग्रेव्ह्यांवर सगळा कारभार चाललेला. पहिल्या खेपेला चारच गोष्टी मागवा: एक तळलेली, एक रस्सेदार, एक भाकरी किंवा रोटी, आणि एक त्यांची खासियत. तळलेल्याला आधी वास घ्या. जुन्या तेलाचा कडवट वास आणि जिभेवर राहणारा तवंग लपत नाही. सोलकढी मागवून बघा. पावडरची असेल तर ती गुळगुळीत, एकसारखी गुलाबी दिसते आणि खाली चोथ्याचा कणही बसत नाही.

इंटरनेटवरच्या सुरुवातीच्या पंचतारांकित अभिप्रायांवर फार विसंबू नका, त्यात ओळखीचे आणि बोलावलेले लोक बरेच असतात. तीन ताऱ्यांचे वाचा आणि ग्राहकांनी टाकलेले ताटाचे फोटो पाहा.

हॉटेलची एक मोठी जमेची बाजू अशी की चुकलं तर तिथल्या तिथे सांगता येतं. तुकडा आतून कच्चा आहे, मीठ जास्त आहे, ताट परत जातं. पार्सलच्या बाबतीत फार तर पुढच्या वेळी सवलत मिळते.

दिवस आणि ऋतू

जून-जुलैत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. त्या काळात हॉटेलातली सुरमई-पापलेट बहुधा गोठवलेली. तेव्हा होम शेफकडचे सोडे, सुकट, सुका बोंबील मागवा. पावसाळ्यात खायचं खरं जेवण तेच. आषाढ अमावास्येच्या आधीचा शेवटचा रविवार दोन्हीकडे टाळा, गटारीच्या गर्दीत कुणाकडूनच नीट होत नाही. श्रावणात बऱ्याच घरगुती स्वयंपाकी सामिष बंद ठेवतात. उलट नव्या माशाच्या हॉटेलात तेव्हा जागा सहज मिळते आणि आचाऱ्याला वेळ असतो.

कालवणही घरगुती हवं आणि मासाही कुरकुरीत हवा, असं असेल तर होम शेफला कालवणाबरोबर मसाला लावलेले कच्चे तुकडे द्यायला सांगा. बरेच जण आनंदानं देतात, कारण त्यांचं तळण्याचं काम वाचतं. अट एकच, पार्सल बर्फाबरोबर यावं आणि आल्याबरोबर फ्रीजमध्ये जावं. जेवायला बसायच्या दहा मिनिटं आधी तुकडे बाहेर काढा, सुटलेलं पाणी निथळा, दोन चमचे रव्यात एक चमचा तांदळाचं पीठ मिसळून त्यात घोळवा. लोखंडी तव्यावर तेल चांगलं तापू द्या, मग आच मध्यम करून बोटभर जाड सुरमई प्रत्येक बाजूनं तीन ते चार मिनिटं तळा. मध्ये सारखी उलटू नका, एकदाच पलटा; कड तव्यापासून आपणहून सुटली की पलटायची वेळ झाली.