एलिट डेंजरसचं मॉड्यूल-गोदाम: कप्पे बरे, हमाली जड

'एलिट डेंजरस' हा अंतराळजहाजं उडवायचा खेळ डिसेंबर 2014 मध्ये आला, पण जहाजातून काढलेला भाग (मॉड्यूल) ठेवून द्यायची सोय 2016 च्या ऑक्टोबरात, 2.2 अपडेटबरोबर मिळाली. तोवर काढलेला भाग विकायचा, एवढंच हातात होतं. मधल्या काही महिन्यांत इंजिनियर (साहित्य दिलं की भाग सुधारून देणारी खेळातली पात्रं) आले होते, म्हणजे मेहनतीनं सुधारलेला भागही काढला की गेलाच. त्या तुलनेत आजची सोय चांगली म्हणावी लागेल. तरीही ती वापरताना वैताग येतो, कारण हे गोदाम एकेक सुटा भाग सांभाळतं. 'खाणकामाचा संच' किंवा 'लढाईचा संच' असं काही त्याला माहीतच नाही. 'ओडिसी' या विस्तारात पायी फिरताना अंगावरच्या सूटसाठी लोडआउट (ठरवलेला संच) जपून ठेवता येतो, जहाजासाठी येत नाही. हे कोडं फ्रंटियर या निर्मात्या कंपनीनं अजून सोडवलेलं नाही.

पहिली अडचण कोअर (अत्यावश्यक) भागांची. पॉवर प्लांट, थ्रस्टर, एफएसडी (ताऱ्यांमधली उडी मारणारं इंजिन), लाइफ सपोर्ट, डिस्ट्रिब्युटर, सेन्सर, इंधनटाकी यांची जागा रिकामी ठेवता येत नाही. समजा उडीचा पल्ला वाढवायला ग्रेड 5 पर्यंत सुधारलेला 5ए एफएसडी (5 हा आकार, ए हा दर्जा) अॅस्प एक्सप्लोरर जहाजातून काढून पायथन जहाजाला लावायचाय. दोन्हींची एफएसडीची जागा 5 आकाराची, त्यामुळे बसायला हरकत नाही. पण अॅस्पमध्ये त्या जागी आधी दुसरा एफएसडी आला पाहिजे. स्टेशनवर 5ई मिळत असेल तर तो साठ-एक हजार क्रेडिट्सना (खेळातलं चलन) घ्या आणि जुना विकायचा की ठेवायचा हे विचारल्यावर 'स्टोअर' निवडा. मग शिपयार्डमधून पायथनमध्ये जा आणि एफएसडीच्या जागेवर साठवलेल्या यादीतून तो लावा. 5ई मिळत नसेल तर त्याहून लहानही चालतो. जहाज उभंच ठेवायचं असेल तर काही बिघडत नाही. थ्रस्टरला मात्र ही पळवाट नाही. जहाजाचं वजन लहान थ्रस्टरला पेलणार नसेल तर खेळ तो बसवूच देत नाही. घरच्या स्टेशनवर 4, 5, 6 आकाराचा एकेक ई दर्जाचा एफएसडी कायम पडून असू द्यावा, खर्च किरकोळ आहे.

'स्टोअर' आणि 'सेल' ही बटणं शेजारी शेजारी आहेत, तिथं घाई नको. इंजिनियरिंग केलेला भाग विकला तर मूळ किंमतच हाती येते. घातलेलं साहित्य बुडालं. अख्खं जहाज विकलं तर त्यात बसवलेलं सगळं त्याच्याबरोबर जातं, म्हणून विकण्याआधी कामाचे भाग काढून घ्यावेत.

आता गणित. साधा, न सुधारलेला भाग विकला की जेवढ्याला घेतला तेवढे पैसे परत मिळतात. जहाजावर दहा टक्के कापले जातात, भागांवर नाही. म्हणजे साधा 5ए एफएसडी एक्कावन्न लाखांना घेऊन महिनाभरानं विकला तरी तोटा शून्य. असे भाग जपून ठेवण्यात काहीच हशील नाही. ठेवलेल्या भागांच्या संख्येला मर्यादा आहे आणि ती सगळ्या स्टेशनांची मिळून एकच आहे. कार्गो रॅक, साधी शिल्ड, साधे लेझर खुशाल विका आणि जिथं लागतील तिथं पुन्हा घ्या. कप्पे इंजिनियरिंग केलेल्या, टेक ब्रोकरकडच्या (साहित्य देऊन मिळणाऱ्या खास) आणि गार्डियन (प्राचीन परग्रही तंत्रज्ञानाच्या) भागांसाठी राखा. शिनरार्टा डेझ्रा या ताराप्रणालीतलं जेमसन मेमोरियल स्टेशन घर म्हणून उत्तम, तिथं जवळपास सगळं मिळतं, तेही दहा टक्के सवलतीत. फक्त त्या प्रणालीत जायला एलिट हा वरचा वैमानिक-दर्जा लागतो.

दूरच्या स्टेशनवरचा भाग मागवता येतो, पण पैसे भागाच्या किमतीवर आणि अंतरावर ठरतात. वेळेचा हिशोब पाच मिनिटं अधिक दर प्रकाशवर्षाला सुमारे दहा सेकंद. शंभर प्रकाशवर्षांना वीस-एक मिनिटं, हजाराला पावणेतीन तास. खेळ बंद केला तरी घड्याळ चालू राहतं, हे त्यातल्या त्यात बरं. (जहाजं क्षणात पोचावीत की उशिरा, यावर 2016 मध्ये खेळाडूंचं मत घेतलं होतं, बहुमत उशिराच्या बाजूनं पडलं. तेव्हा कुरकुर कोणाकडे करणार?) सोळा कोटींचा 8ए पॉवर प्लांट लांबून मागवताना आकडा बघून हात थबकतो. एकाच ठिकाणचे पाच-सहा भाग हवे असतील तर ते एखाद्या जहाजात बसवून स्वतः उडवत न्यावेत.

तेच जहाज कप्प्यांची टंचाईही दूर करतं. बसवलेला भाग साठवणीच्या मर्यादेत धरत नाहीत. साडेतीन लाखांच्या कोब्रा मार्क 3 मध्ये दोन मध्यम नि दोन लहान शस्त्रं आणि दोन युटिलिटी (छोटी जोड-उपकरणं) राहतात. मोठ्या शस्त्रांसाठी मोठं जहाज घ्यावं लागेल.

बदलानंतरचे घोळ वेगळे. नवा भाग वीजवाटपात प्रायॉरिटी 1 वर (सगळ्यात वरच्या क्रमावर) आणि चालू स्थितीत येतो. वीज पुरत नसेल तर शस्त्रं बाहेर काढताच भाग बंद पडू लागतात. म्हणून निघण्याआधी उजव्या पॅनलमध्ये कार्गो हॅच आणि एफएसडी यांना खालचा क्रम द्यावा. फायर ग्रुपही (कोणत्या बटणावर काय चालेल ते ठरवणारे गट) विस्कटतात: स्कॅनर गायब, लेझर भलत्याच बटणावर. दर वेळी तपासायलाच हवं. रॅकमध्ये माल असेल तर रॅक काढता येत नाही, माल आधी उतरवा. डोक्यावर बक्षीस असलेल्या जहाजातून काढलेला भाग 'हॉट' (गुन्ह्याशी जोडलेला) ठरतो आणि तो साफ करायला वेगळे पैसे पडतात.

पाच अब्ज क्रेडिट्स असतील तर फ्लीट कॅरियर (स्वतःचं भलंमोठं वाहक जहाज) हा खरा उतारा. एका उडीत पाचशे प्रकाशवर्षं जाणारं गोदामच ते. पण आउटफिटिंगची (भाग बदलण्याची) सेवा त्यावर वेगळी बसवावी लागते आणि तिचा साप्ताहिक खर्च चालू राहतो. दुसऱ्याच्या कॅरियरवर भाग ठेवू नयेत. मालक उडी मारून निघाला की तुमचा एफएसडीही त्याच्याबरोबर निघाला.

कुठं काय पडलंय हे इनारा या संकेतस्थळावर एका नजरेत दिसतं, आणि बदल करण्याआधी ईडीएसवाय या जहाज जुळवून बघायच्या संकेतस्थळावर वजन, वीज आणि उडी तपासता येते. खेळातल्या यादीत हे शोधायला फार वेळ जातो.